समचलन की व्यस्त चलन? आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकते तेव्हा

तक्रार नेहमीची आहे. गुणाकार-भागाकार बिनचूक, पायऱ्या नीट मांडलेल्या, तरी उत्तर पुस्तकामागच्या उत्तराशी जुळत नाही. तपासले तर दिसते की तिरका गुणाकार करायचाच नव्हता. पुढच्या वेळी तो टाळला, तर नेमके त्या उदाहरणात तो हवा होता. आठवीच्या 'चलन' प्रकरणात हा घोळ सुरू होतो आणि तिथेच निस्तरला नाही, तर पुढे विज्ञानात ओहमचा नियम, वायूंचे नियम, नकाशाचे प्रमाण अशा प्रत्येक ठिकाणी नव्या वेषात समोर येतो.

मूळ एकच आहे. 'एक वाढले की दुसरे वाढते ते समचलन, एक वाढले की दुसरे घटते ते व्यस्त चलन' हे वाक्य पाठ केलेले असते, आणि ते उलट दिशेने वापरले जाते. समचलन असेल तर दोन्ही राशी बरोबर वाढतात, हे खरे (स्थिरांक, म्हणजे त्यांचा न बदलणारा भागाकार, धन धरला तर). पण दोन्ही बरोबर वाढतात म्हणून ते समचलनच, हे खरे नाही. प्रत्येक चौरस हा आयत असतो, प्रत्येक आयत चौरस नसतो, अगदी तसेच.

म्हणून 'वाढते की घटते' हा प्रश्न पहिला विचारू नका. पहिला प्रश्न हा: काय स्थिर राहते?

दोन राशींच्या किमान तीन जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत भागाकार करून पाहा, मग गुणाकार करून पाहा. भागाकार तिन्हीकडे सारखा आला तर समचलन. गुणाकार सारखा आला तर व्यस्त चलन. भागाकारही सारखा नाही आणि गुणाकारही नाही, तर यांपैकी काहीच नाही, आणि बहुतेक चुका याच तिसऱ्या घरात घडतात, कारण असे घर आहे हेच सांगितलेले नसते.

दोन्ही वाढतात, पण समचलन नाही

समजा विजेच्या बिलात महिन्याचा स्थिर आकार १२० रुपये आणि दर युनिटला ६ रुपये आहे (आकडे उदाहरणापुरते). ५० युनिटचे बिल ४२० रुपये, १०० युनिटचे ७२० रुपये. युनिट दुप्पट झाले, बिल दुप्पट झाले नाही. भागाकार करा: ४२० ÷ ५० = ८.४ आणि ७२० ÷ १०० = ७.२. सारखे नाहीत, म्हणून समचलन नाही. दोष त्या १२० रुपयांत आहे. ते वजा करा: ३०० ÷ ५० = ६, ६०० ÷ १०० = ६. म्हणजे 'बिल' आणि 'युनिट' समचलनात नाहीत, 'बिल वजा स्थिर आकार' आणि 'युनिट' आहेत. (प्रत्यक्षातल्या घरगुती बिलात जास्त वापराला वरच्या टप्प्याचा दर लागतो. तिथे स्थिर आकार काढूनही भागाकार सारखा येणार नाही.)

तापमानाचेही असेच. १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० अंश फॅरनहाइट. मग २० अंश सेल्सिअस म्हणजे १०० अंश फॅरनहाइट का नाही? कारण फॅरनहाइटचा शून्य दुसरीकडे आहे. २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ अंश फॅरनहाइट. दोन्हींतून ३२ काढा, मग १८ आणि ३६ उरतात, आणि इथे दुप्पट दिसते.

अशी उदाहरणे पटकन ओळखायला शून्याची कसोटी लावा: पहिली राशी शून्य केली तर दुसरीही शून्य होते का? शून्य युनिट वापरले तरी १२० रुपये भरावे लागतात, म्हणून समचलन बाद. आलेखाच्या भाषेत, समचलनाची रेषा सरळ असतेच, पण ती आरंभबिंदूतून गेली पाहिजे. सरळ रेषा दिसली की लगेच समचलन लिहिणारे इथे फसतात.

मात्र शून्याची कसोटी पार झाली म्हणून काम झाले असे नाही. तव्यावरच्या दोन भाकऱ्या घ्या, एकीचा व्यास २० सेंटिमीटर, दुसरीचा ३०. व्यास शून्य तर क्षेत्रफळ शून्य, ही अट पुरी होते. पण पाय ३.१४ धरून क्षेत्रफळे येतात ३१४ आणि ७०६.५ चौरस सेंटिमीटर. व्यास दीडपट, क्षेत्रफळ सव्वादोनपट. क्षेत्रफळाला व्यासाने भागले तर १५.७ आणि २३.५५, जमले नाही. व्यासाच्या वर्गाने भागले तर दोन्हीकडे ०.७८५. म्हणजे क्षेत्रफळ व्यासाशी समचलनात नाही, व्यासाच्या वर्गाशी आहे. वरून सोडलेल्या दगडाचेही हेच: हवेचा अडथळा सोडून दिला तर पहिल्या सेकंदाअखेर तो ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६ मीटर आणि तीन सेकंदांत ४४.१ मीटर खाली येतो. अंतर काळाच्या वर्गाशी बांधलेले आहे.

म्हणून प्रश्न वाचताना 'च्या वर्गाशी', 'च्या वर्गमूळाशी', 'च्या घनाशी' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. घाईत नजरेतून सुटणारे शब्द हेच.

एक वाढते, दुसरे घटते, पण व्यस्त चलन नाही

२०० पानांचे पुस्तक आहे. वाचलेली पाने वाढतात, उरलेली घटतात. व्यस्त चलन? ५० वाचली तर १५० उरली, १०० वाचली तर १०० उरली. गुणाकार ७५०० आणि १०,०००. सारखा नाही. इथे स्थिर आहे ती बेरीज: ५० + १५०, १०० + १००. व्यस्त चलनात एक राशी दुप्पट झाली की दुसरी निम्मी व्हायला हवी. इथे वाचलेली पाने दुप्पट झाली आणि उरलेली दोन तृतीयांश. वजाबाकीने घटणे वेगळे, भागाकाराने घटणे वेगळे.

हाच गोंधळ आलेखात उघडा पडतो. व्यस्त चलनाचा आलेख काढा म्हटले की अनेक जण डावीकडून उजवीकडे उतरणारी सरळ रेघ ओढतात. ती रेघ बेरीज स्थिर असल्याची खूण आहे. १२० किलोमीटर अंतराचा तक्ता करून पाहा: ताशी २० किलोमीटर वेगाने ६ तास, ३० ने ४ तास, ४० ने ३ तास, ६० ने २ तास. हे चार बिंदू जोडा. वक्र सुरुवातीला झपकन उतरतो, मग हळूहळू आडवा होत जातो आणि कोणत्याही अक्षाला टेकत नाही. पहिला आणि शेवटचा बिंदू सरळ रेघेने जोडले असते तर ताशी ४० ला ४ तास मिळाले असते. खरे उत्तर ३ तास. आलेखवहीत किमान पाच बिंदू घ्या. दोनच बिंदू घेतले की हात आपोआप पट्टीकडे जातो.

वक्र सरळ नाही याचे दोन परिणाम स्पर्धा परीक्षांत हमखास विचारले जातात. पहिला: वेग २० टक्क्यांनी वाढवला तर वेळ किती टक्क्यांनी कमी होईल? '२० टक्के' हे उत्तर चूक. वेग ६/५ पट झाला, म्हणून वेळ ५/६ पट, म्हणजे घट १/६, सुमारे १६.६७ टक्के. किंमत २५ टक्क्यांनी वाढली आणि खर्च तेवढाच ठेवायचा असेल तर खरेदी २० टक्क्यांनी कमी करावी लागते, तेही याच कारणाने. टक्केवारीचे आधी अपूर्णांकात रूपांतर करा, अपूर्णांक उलटा करा, मग परत टक्केवारीत आणा. दुसरा परिणाम सरासरी वेगाचा: १२० किलोमीटर जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० असा प्रवास केला तर सरासरी वेग ५० नाही. जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ताशी ४८. हळू चालवलेल्या भागात वेळ जास्त गेला, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकली.

मांडणी: तिरके गुणायचे की आडवे

त्रैराशिकाची मांडणी आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) प्रमाण, फल आणि इच्छा अशी तीन पदे आहेत, आणि इच्छा वाढली की फल घटते तिथे व्यस्त त्रैराशिकाची रीत स्वतंत्र सांगितली आहे. आजच्या वहीत ते असे मांडावे. एका स्तंभात मजूर, दुसऱ्यात दिवस. पहिल्या ओळीत १२ आणि १०, दुसऱ्या ओळीत १५ आणि प्रश्नचिन्ह.

समचलन असते तर तिरके गुणले असते. व्यस्त असेल तर ओळीतल्या ओळीत, आडवे गुणायचे: १२ × १० = १५ × ?, म्हणून ८ दिवस. सवयीने तिरका गुणाकार केला तर १२.५ दिवस येतात, म्हणजे माणसे वाढवली आणि कामाला जास्त वेळ लागला. गणित करण्याआधीच समासात 'उत्तर १० पेक्षा लहान' असे दोन शब्दांत लिहून ठेवले असते तर ही चूक त्याच क्षणी पकडली गेली असती. ही सवय लावून घेण्यासारखी आहे. पाच सेकंदांचे काम आहे आणि इतकी फायद्याची दुसरी सवय या प्रकरणात नाही.

पण ओळीत गुणायचे की तिरके, हे ठरवायचे कशावरून? इथे एकक कामी येते. गुणाकाराला काही अर्थ आहे का ते पाहा. मजूर × दिवस = मजूर-दिवस, म्हणजे एकूण काम. अर्थ आहे. वेग × वेळ = अंतर. अर्थ आहे. किलो × रुपये? काहीच नाही. उलट रुपये ÷ किलो म्हणजे दर, त्याला अर्थ आहे. ज्या क्रियेतून अर्थपूर्ण राशी मिळते आणि ती राशी त्या उदाहरणात बदलत नाही, ती क्रिया तुमची. एकमान पद्धत वापरणाऱ्यांच्या हातून नकळत हेच घडते: एका किलोला किती रुपये, किंवा एकट्या मजुराला किती दिवस.

वसतिगृहातल्या धान्याचे उदाहरण याच जागी अडते. १०० विद्यार्थ्यांना ३० दिवस पुरेल इतके धान्य आहे. १० दिवसांनी २५ विद्यार्थी नवीन आले. उरलेले धान्य किती दिवस पुरेल? १०० × ३० = १२५ × ? असे मांडून २४ दिवस काढले जातात. व्यस्त चलन बरोबर ओळखले, चूक स्थिरांकात झाली. १० दिवसांचे धान्य संपले आहे. उरले आहे ते १०० जणांना २० दिवस पुरेल इतके, म्हणजे २००० विद्यार्थी-दिवस. २००० ÷ १२५ = १६ दिवस. 'नंतर', 'उरलेले', 'मध्येच सोडून गेले' असे शब्द आले की ज्या क्षणी बदल झाला त्या क्षणापासून नवा हिशोब मांडायचा.

तीन-चार राशी एकदम आल्या तर बाण काढत बसू नका. १२ मजूर रोज ८ तास काम करून १० दिवसांत २४० मीटर चर खणतात. १६ मजूर रोज ६ तास काम करून ३६० मीटर चर किती दिवसांत खणतील? एका मीटरला किती मजूर-तास लागले ते काढा: १२ × ८ × १० = ९६०, भागिले २४०, म्हणजे ४. नवे काम ३६० × ४ = १४४० मजूर-तास. रोज १६ × ६ = ९६ मजूर-तास होतात. १४४० ÷ ९६ = १५ दिवस. यात सम कोणते आणि व्यस्त कोणते हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण स्थिर राहणारी गोष्ट (मीटरमागे ४ मजूर-तास) आधी हाती आली.

आणि काही उदाहरणांत मांडणीच करायची नसते. दोरीवर ५ साड्या वाळायला ३ तास लागतात, तर १० साड्यांना किती? दोरी पुरेशी लांब असेल तर ३ तासच. साड्यांची संख्या आणि वाळण्याचा वेळ यांचा संबंध नाही.

चिन्ह लिहिले, स्थिरांक विसरला

∝ हे चलनाचे चिन्ह मांडून थेट किमती भरायच्या नसतात. त्या चिन्हाने फक्त नाते कळते. समीकरण हवे असेल तर स्थिरांक आणावाच लागतो. क्ष ही राशी य च्या वर्गमूळाशी व्यस्त चलनात आहे, आणि य = १६ असताना क्ष = ५. मग य = २५ असताना क्ष किती? स्थिरांक = ५ × √१६ = २०. आता क्ष = २० ÷ √२५ = ४. वर्गमूळ विसरले तर स्थिरांक ८० आणि उत्तर ३.२ येते, आणि ते इतके साधे दिसते की शंका येत नाही. पडताळा असा करा: नव्या जोडीत तोच गुणाकार पुन्हा करा, ४ × ५ = २०. जुळले.

एककांचीही इथेच गफलत होते. पहिल्या जोडीत वेळ मिनिटांत आणि दुसरीत तासांत असेल तर स्थिरांक ६० पटींनी चुकतो. स्थिरांकाच्या शेजारी त्याचे एकक लिहा: 'रुपये प्रति किलो', 'मजूर-दिवस', 'किलोमीटर'. एकक न लिहिता आलेला स्थिरांक कुठे वापरायचा हे कळत नाही.

विज्ञानात: शक्ती रोधाशी सम की व्यस्त?

हा प्रश्न दहावीच्या मुलांना खरोखर छळतो, आणि त्यांचे चुकते असेही नाही. एक सूत्र म्हणते, विद्युत शक्ती = प्रवाहाचा वर्ग × रोध. त्यावरून रोध वाढला की शक्ती वाढते. दुसरे म्हणते, शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध. त्यावरून रोध वाढला की शक्ती घटते. दोन्ही सूत्रे बरोबर. उत्तर सूत्रात नाही, परिपथात आहे: काय स्थिर ठेवले आहे?

घरातली उपकरणे समांतर जोडलेली असतात, प्रत्येकाला तेच २३० व्होल्ट मिळतात. विभवांतर स्थिर, म्हणून दुसरे सूत्र, म्हणून व्यस्त चलन. ५२.९ ओहमच्या शेगडीची शक्ती २३० × २३० ÷ ५२.९ = १००० वॉट. २००० वॉटची शेगडी हवी तर रोध निम्मा, २६.४५ ओहम. जास्त तापणाऱ्या शेगडीचा रोध कमी असतो हे ऐकून मुले चकित होतात. पण याच दोन शेगड्या एकापुढे एक, एकसर जोडल्या तर दोन्हींतून प्रवाह तोच वाहतो. आता प्रवाह स्थिर, पहिले सूत्र, समचलन, आणि जास्त रोधाची (म्हणजे १००० वॉटची) शेगडी दुसरीच्या दुप्पट शक्ती वापरते. म्हणून 'शक्ती आणि रोध यांचे नाते कोणते' हा प्रश्न अर्धवट आहे. त्याच्यापुढे 'विभवांतर तेच ठेवले तर' किंवा 'प्रवाह तोच ठेवला तर' हे जोडूनच तो विचारायला हवा, शिक्षकांनीसुद्धा.

नकाशाच्या प्रमाणातही उलटसुलट होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्याच नकाशावर मोजत असाल तर नकाशावरचे आणि जमिनीवरचे अंतर समचलनात. पण जमिनीवरचे ४ किलोमीटर तेच ठेवून नकाशे बदललेत तर प्रमाणातला मोठा आकडा आणि नकाशावरची लांबी व्यस्त चलनात: १ : ५०,००० वर ८ सेंटिमीटर, १ : २५,००० वर १६. क्षेत्रफळ विचारले तर पुन्हा वर्ग आडवा येतो. १ : ५०,००० वर १ चौरस सेंटिमीटर म्हणजे पाव चौरस किलोमीटर, अर्धा नव्हे.

वायूंच्या नियमांत स्थिर काय ते पुस्तकात लिहिलेले असते, म्हणून तिथली चूक वेगळी, आणि ती फॅरनहाइटच्या चुकीची सख्खी बहीण आहे. दाब तोच ठेवला तर वायूचे आकारमान तापमानाशी समचलनात असते. मग २७ अंश सेल्सिअसवरून ५४ अंशांवर नेले तर आकारमान दुप्पट? नाही. समचलन आहे ते केल्व्हिनमधल्या तापमानाशी, कारण खरा शून्य तिथे आहे. २७ अंश म्हणजे ३०० केल्व्हिन, ५४ अंश म्हणजे ३२७ केल्व्हिन (२७३ मिळवून). आकारमान फक्त ९ टक्क्यांनी वाढते.

बॉइलच्या नियमात, म्हणजे तापमान तेच असताना दाब × आकारमान स्थिर, दाबमापकाचा काटा फसवतो. टायरमधली हवा मोजणारा काटा उघड्या हवेत शून्य दाखवतो, पण तेव्हाही वातावरणाचा सुमारे १ बार दाब असतोच. तोंड बंद केलेल्या सिरिंजमधली हवा निम्म्या आकारमानात दाबली तर काट्यावरच्या शून्याची दुप्पट शून्यच यायला हवी होती, आणि काटा तर १ बारच्या आसपास जातो. काट्यावरच्या आकड्यात आधी वातावरणाचा १ बार मिळवा: दाब १ चा २ झाला, आकारमान निम्मे झाले, गुणाकार तोच राहिला.